ताण्यातलं लाल सूत

आमच्या घरात माग कधी रिकामा होत नसे. पवनीतल्या ज्या विणकरांच्या गल्लीत मी जन्मले, तिथे कुणाच्याच घरात तो होत नसे. कापड विणून संपलं की विणणारा उठतो, पण सगळं सूत कापून काढत नाही. सुतं ओवलेल्या कंगव्यासारख्या फणीच्या मागे वीतभर सूत तसंच राहू देतो. मग नवं सूत ताणून, खळीची पाजण चढवून आणलं की घरातल्या बाया मागापाशी बसतात आणि जुन्या सुताचं एकेक टोक नव्या सुताच्या एकेका टोकाला जोडतात. बोटांना चुलीतली राख लावायची, दोन टोकं चिमटीत धरून पीळ द्यायचा, दुमडायचं, पुन्हा पीळ द्यायचा. की पुढचं सूत. याला आम्ही सांधणी म्हणतो. म्हणजे आज मागावर जे सूत आहे ते आधीच्याला जोडलेलं, ते त्याच्या आधीच्याला, आणि असं मागे मागे गेलं की माझ्या आजोबांच्या हातापर्यंत पोचता येतं. कापड विकलं जातं, फणी बदलते, बसणारा माणूस बदलतो. जोड तेवढा चालू राहतो.

मागावर लांबीत ताणलेल्या या सुताला ताणा म्हणतात, आणि इकडून तिकडे फिरणाऱ्या धोट्यातून आडवं जाणारं ते बाणा. हे सांगावं लागतं. मी भंडाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि वर्गात बाणा म्हटलं की मुलांना मिशीला पीळ देणारा माणूसच आठवतो. एकदा एकानं ताणा म्हणजे 'ताणून झोपणं' असंही सांगितलं होतं. मी त्याला पूर्ण गुण द्यायला तयार होते, कारण मुळात तो फारसा चुकला नव्हता.

शब्दांची कुळं खणत बसायची मला खोड आहे. घरात या खोडीला कुणी भीक घातली नाही. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि मी काही सांगायला लागले की धोटा जरा जोरात मारायचा. वहिनी ऐकल्यासारखं करायची. खरं ऐकायची ती फक्त त्यांची मुलगी.

भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सालची ती. दादा तेव्हा सगळ्यांना सांगत सुटला होता, "जिल्हा अर्धा झाला, अन् मी पुरा झालो." एकच मूल झालं त्यांना. ती चालायला लागली तेव्हाच हातपाय दुखतात म्हणून रडायची. रक्त तपासलं, तर सिकलसेल निघालं. आमच्या भागात हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, तो काही कुणाला शब्दकोशात शोधावा लागत नाही. थंडी वाजली, ऊन लागलं, जरा दमली की तिचे सांधे धरायचे. शाळेचे कितीतरी दिवस ती घरीच असायची, मागाशेजारच्या खाटेवर. शनिवारी कॉलेज सुटलं की मी अड्याळवरून जाणारी बस धरून यायचे. दारात चपला काढायच्या आत खाटेवरून प्रश्न यायचा.

"आत्या, हा ताणा शब्द कोठून आला वं?"

असा तो विषय निघाला आणि पुढे कित्येक शनिवार पुरला. मी सांगितलं, संस्कृतात तन् असा धातू आहे, त्याचा अर्थ ताणणं, पसरणं. त्यातून तंतू आला. तंत्र आला, आता तंत्र म्हटलं की लिंबू-मिरच्या आठवतात, पण अगदी जुन्या काळी तंत्र म्हणजे मागच, मागावर चढवलेला ताणाच. तनू म्हणजे ताणून बारीक झालेली, आणि मग शरीर. मांडवाला वितान म्हणतात तेही त्यातलंच. सतत हा शब्दसुद्धा, मध्ये कुठे सुटू न देता ताणलेला. फारसीत ताण्याला तार म्हणतात, आपल्याकडे ती सतारीवर येऊन बसली. तिकडे युरोपात लॅटिनमध्ये ताणण्याचा शब्द याच घरातला आहे, त्याच्यातून इंग्रजीत टेन्ट गेला. आणि टेन्शन.

"म्हंजे टेन्शन बी ताणाच?"

"ताणाच."

ती इतकी हसली की कुशीत कळ आली आणि वहिनी माझ्यावर चिडली. त्यानंतर दादा कधीही "टेन्शन नोको घेऊ" म्हणाला की ही खाटेवरून दुरुस्ती करायची, "ताणा नोको घेऊ म्हना, बाबा."

मग ती इतर भाषांच्या मागे लागली. माझ्या वर्गात बंगाली वसाहतीतली एक मुलगी होती, तिला विचारून मी सांगितलं की बंगालीत टाना-पोडेन म्हणतात. टाना म्हणजे ओढ. आणि दोन माणसांत ओढाताण झाली, मनं दुखावली, तरी त्याला टाना-पोडेनच म्हणतात. सिरोंच्याकडच्या एका बाईंनी सांगितलं, तेलुगूत पडुगू आणि पेका. या शब्दांचं कूळच निराळं, तन् धातूशी त्यांचं काही नातं नाही. ते ऐकून ती थोडी हिरमुसली. तिला वाटत होतं की सगळ्या जगाचा ताणा एकच असेल. इंग्रजीत त्याला वार्प म्हणतात, मूळ अर्थ फेकणं. तिकडच्या विणकरांना सूत ताणण्याऐवजी फेकल्यासारखं वाटलं असेल. फ्रेंच आणि जर्मन लोक म्हणतात साखळी.

"साखळी कायले?" ती म्हणाली. "साखळी त ढोरायले बांधतेत."

एवढं बोलून तिनं फ्रेंच आणि जर्मन लोकांचा निकाल लावला.

एक शब्द मी मागे ठेवला होता. आजारी मुलीला सांगावा की नाही, कळत नव्हतं. पण तिला खोटं बोललेलं लगेच कळायचं. "अखिन एक आहे ना? तुह्या तोंडावर दिसून राह्यला," असं म्हणाली तेव्हा सांगितलं. याच धातूतून तनय येतो, मुलगा. कूळ पुढे ताणणारा. आणि तनया, मुलगी. संतान शब्दही तोच, एकाला एक लावत पुढे पुढे ताणत जाणं.

ती मान वळवून दादाला म्हणाली, "बाबा, तनया म्हंजे मी. तुमचा ताणा मीच आहो."

दादानं धोटा थांबवला. "आहे त खरं," तो म्हणाला, "पन लय कमजोर निंगाला बाप्पा ताणा."

"मंग पाजण तुमचीच कमी पडली."

पाजण म्हणजे सुताला बळ यावं म्हणून चढवतात ती तांदळाची खळ. विणकराच्या पोरीनंच करावा असा विनोद होता तो. दादा इतका हसला की त्याला खड्ड्यातून पाय वर काढून बसावं लागलं. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसत होती की नाही, मी पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात नवा ताणा आला. पांढरं अंग, दोन्ही बाजूंना लाल काठ, उपरण्यांसाठी. तोवर ती सांधणी शिकली होती. वहिनीनं नको म्हटलं, दादानं नको म्हटलं, तरी ती खाटेवरून उतरून मागापाशी बसलीच. एका बाजूनं वहिनी, दुसऱ्या बाजूनं ती. दोघींचे जोड वेगळे ओळखू यायचे. वहिनीचा पीळ आखूड आणि घट्ट. हिचा लांब, आणि शेवटी टोक सोडलेलं, शेंडीसारखं. वहिनी सारखी बोलायची, "टोक नोको सोडत जाऊ, फणीत अडते," आणि ही तितक्याच वेळा सोडायची.

शनिवार होता, मी तिच्याच बाजूला बसले होते. पांढऱ्या अंगात एका ठिकाणी नवीन सूत नव्हतं, पाजण चढवताना तुटून गेलं असावं. असं झालं की सूत गुंडाळलेली वेगळी कांडी घ्यायची, तिचं सूत जुन्या टोकाला जोडायचं आणि कांडीला लहानसा दगड बांधून ती मागाच्या पाठीमागे लोंबत सोडायची, म्हणजे ते सूतही बाकीच्यांबरोबर ताणलेलं राहतं. पांढरी कांडी वहिनीच्या पलीकडे होती. हिच्या मांडीवर काठाची लाल होती. तिनं लालच जोडली.

मी बघितलं तशी हळूच म्हणाली, "उठाले कंटाळा येऊन राह्यला आत्या. उद्या बदलवतो. आईले नोको सांगू."

तिचा चेहरा उतरला होता. मीच तिला धरून खाटेवर नेलं. उरलेलं थोडं सूत वहिनीनं जोडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. ती घरी आली ती गाडीत आडवी, चादरीखाली.

घर माणसांनी भरलं. माणसं येतात आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलतात, हे मला समजतं, पण त्या दिवसांत मी कुणालाही क्षमा करायच्या मनःस्थितीत नव्हते. देवाची मर्जी म्हणणारे होते, सुटली बिचारी म्हणणारे होते. आसगावकडचे एक दूरचे नातेवाईक मागाकडे बघून म्हणाले, "आता याले कोन आहे पुढं?" मी त्यांना चहा अर्धा टाकून उठायला लावलं.

तेरवी झाली. दादा सकाळी सवयीनं मागाच्या खड्ड्यात उतरला आणि वहिनी आतून धावत आली.

"नोको."

त्याला वाटलं, अजून काही दिवस नको म्हणते. पण तसं नव्हतं. सांधणीचे जोड फणीच्या मागे तसेच होते, अर्धे वहिनीचे, अर्धे पोरीचे. विणायला सुरुवात केली की ताणा पुढे सरकतो. पहिल्या हातभर कापडातच ते सगळे जोड फणीतून पुढे निघून गेले असते, आणि जोडांची ती पट्टी कापून चिंध्यांत टाकतात.

"मी पट्टी कापून तुले देतो," दादा म्हणाला. "तू ठेव."

"कापली का चिंधी होते ते," वहिनी म्हणाली. "मागावर आहे तवर तिचं काम आहे. चालू आहे."

दादा वर आला. दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीतल्याच एकाच्या मागावर मजुरीनं विणायला जाऊ लागला. स्वतःच्या घरात पूर्ण चढवलेला ताणा, आणि हा दुसऱ्याच्या खड्ड्यात. गल्लीत कुजबुज झाली. काही जुन्या बायांनी वहिनीला समजावून पाहिलं. ती कुणाशी भांडली नाही. रोज सकाळी सगळ्यांआधी ती मागावरची धूळ कोरड्या फडक्यानं टिपायची, जोडांना धक्का लागू न देता. मागे लाल कांडी लोंबत असायची. ती वहिनीला दिसली होती की नाही, मला माहीत नव्हतं.

मी शनिवारी जातच राहिले. दारात चपला काढताना पाय अडखळायचे, कारण प्रश्न यायचा नाही. शब्दांचा मला राग आला होता. त्या वर्षी एका धड्यात संतान हा शब्द आला. व्युत्पत्ती लिहायला मी फळ्याकडे वळले आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या भाषांतून इतकं लांब आलेलं ते सूत, माझ्या भावाच्या घरात येऊन संपलं होतं. मला हे मुलांना कसं शिकवायचं ते येईना. तास संपेपर्यंत मी त्यांना वाचत बसायला सांगितलं.

उन्हाळा गेला. आभाळ भरून यायला लागलं तसा दादा बेचैन झाला. पाजण चढवलेलं सूत ओल धरतं, त्याला वास येतो, बुरशी येते. आणि ती भाताची खळ उंदरांना आवडते. वहिनी विणकराच्या घरातच जन्मली होती, तिला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती मागाखाली कडुनिंबाचा पाला ठेवायची, मागावर चादर टाकायची. त्या दिवसांत तिच्याकडे बघवत नसे.

एका शनिवारी मी पोचले तेव्हा ती मागापाशी फतकल मारून बसली होती. एका बाजूची काठाची काही सुतं कुरतडून खाली पडली होती. उंदीर पोरीच्या बाजूनं लागले होते. वहिनी ती तुकडे झालेली सुतं गोळा करत होती. रडत नव्हती. दादा संध्याकाळी कामावरून आला, त्यानं पाहिलं आणि दारातच थांबला.

"विना आता," वहिनी म्हणाली. "उंदरायले देन्यापक्षा विना."

दुसऱ्या दिवशी तो बसला. आधी तुटलेली सुतं दोघांनी मिळून जोडली. मग त्यानं पायाखालची फळी दाबली. पहिला धोटा गेला तेव्हा वहिनी मागाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. जोड फणीकडे सरकायला लागले तसं ती एकेकाला बोट लावत होती, पोरीच्या बाजूच्या. लांब पीळ, सोडलेली टोकं. एखादं टोक फणीत अडायचं, दादा थांबायचा, ती ते हातानं मोकळं करायची. त्या दिवशी हातभर कापड विणायला त्याला दुपार झाली.

जोड पुढे निघून गेले आणि मग लाल सूत दिसायला लागलं. पांढऱ्या अंगात, जिथे त्याचं काही काम नव्हतं तिथे, एक सरळ लाल रेघ. दादानं सवयीनं ते तोडायला चिमटीत धरलं. पांढरी कांडी लावली की झालं, क्षणभराचं काम.

"राहू द्या."

"अख्ख्या ताण्यात चालीन हे."

"चालू द्या."

तेव्हा मला कळलं की तिनं ते फार आधी पाहिलं होतं.

तो संपूर्ण ताणा तसाच विणला गेला. प्रत्येक उपरण्यात काठापासून थोडी आत एक लाल रेघ. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं कापड उलगडून पाहिलं, दोष आहे म्हणाला, रागावला. दादा आयुष्यभर कापडात दोष राहू न देणारा माणूस. तो फक्त एवढंच म्हणाला, "आहे तसं आहे." जोडांची पट्टी मात्र त्यानं कापून ठेवली होती, ती वहिनीनं मागाच्या खांबाला बांधली. अजून तिथेच आहे.

ताणा संपला. फणीच्या मागे वीतभर सूत उरलं. पुन्हा नवं सूत आलं, तेही पांढरं, लाल काठाचं. मी पोचले तेव्हा सांधणी चालू होती. आमच्या गल्लीत पुरुष सांधणीला बसत नाहीत, पण पोरीच्या जागेवर दादा बसला होता. हातात राख, मोठ्या बोटांत सूत मावत नव्हतं. तो टोकं वेगळी करून पुढे धरत होता आणि वहिनी जोडत होती. मी खाटेवर बसले. खाट कुणी हलवली नव्हती.

मग दादा मान वर न करता म्हणाला, "ती तो कोनता शब्द म्हने वं? मी तुमचा ताणा आहो म्हने, तो."

"तनया."

"हां. तनया." त्यानं तो एकदा जिभेवर घोळवून पाहिला. "मले आठवतच नोव्हता. किती दिवस झाले आठवून राह्यलो."

आजवर इतक्या जणांना इतके शब्द सांगितले, पण इतका जपून कुणी घेतला नव्हता. वहिनीचा हात थांबला होता. शब्दामुळे असेल असं मला वाटलं, पण ते तेवढंच नव्हतं. त्या जागेपाशी ती पोचली होती. जुन्या बाजूला पांढऱ्यांच्या मध्ये ते एकटं लाल टोक होतं. नव्या ताण्यात या वेळी काही तुटलं नव्हतं, तिथे चांगलं पांढरं सूत होतं, आणि दादानं ते काढून तिच्यापुढे धरलं होतं. तिनं हात पुढे केला नाही.

दादानं तिच्याकडे पाहिलं. हातातलं पांढरं सूत तोडून मागे टाकलं. उठला, मागाच्या पाठीमागे गेला, लाल कांडी घेतली, तिला तोच दगड पुन्हा बांधला आणि सूत वर काढून वहिनीच्या बोटांत दिलं.

वहिनीनं बोटांना राख लावली. पीळ लांब दिला, आणि शेवटी टोक सोडलं.

मग ती पुढच्या सुताकडे वळली.